फोडशी समजून मी नक्की काय खाल्लं? (रानभाज्या स्वतः तोडणाऱ्यांचा धागा)

चिखलवाट | २९ जून, रात्री १०:१२

मंडळी, आधीच सांगतो, मी आता ठणठणीत आहे. शिव्या घालायच्या तर मोकळेपणाने घाला.

आम्ही बदलापूरला राहतो. दर पावसाळ्यात स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडून फोडशी, टाकळा, कुर्डू घेतो. यंदा डोक्यात आलं की डोंगर हाकेच्या अंतरावर असताना विकत कशाला घ्यायचं? गेल्या रविवारी कोंडेश्वरच्या बाजूला गेलो. उतारावर गवतात अगदी फोडशीसारखी पानं दिसली. लांब, हिरवीगार, बुडाशी पांढरी. मोबाइलवरच्या झाडं ओळखणाऱ्या ॲपला फोटो दाखवला. त्याने 'क्लोरोफायटम' म्हणजे फोडशीचंच नाव सांगितलं. खाली बारीक अक्षरात काही टक्के लिहिले होते, ते कोण वाचतंय! पिशवीभर आणली.

सासूबाई आल्या होत्या. निवडताना म्हणाल्या, "हे हाताला बुळबुळीत लागतंय, फोडशी अशी नसते." मी म्हटलं, पावसात भिजलीय म्हणून. मूगडाळ आणि कांदा घालून परतली. पहिला घास कडू. दुसरा त्याहून कडू. बायकोने आणि सासूबाईंनी तिथेच ताट बाजूला सारलं. मी मात्र सकाळपासून बढाया मारत होतो, त्यामुळे आणखी दोन-तीन घास रेटले. तासाभरात मळमळ, मग उलट्या. रात्री हॉस्पिटल. इसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी सोडलं.

उपटताना एकदोन झाडांच्या खाली मुठीएवढा कांदा आला होता. मला वाटलं, असेल तसाच. तर जाणकारांनो, हे काय होतं?

---

सुगरणआत्या | २९ जून, रात्री १०:३१

अरे बापरे. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पन्नास वर्षं भाजी निवडणाऱ्या बाईचा हात खोटं बोलत नाही.

---

पानफुटी | २९ जून, रात्री ११:०५

कांदा म्हणालात तिथेच उत्तर मिळालं. फोडशीला कांदा नसतोच. उपटली तर खाली मुळांचा झुबका येतो, काहींना बोटांएवढी जाड मुळं असतात. कांदा आला की ती फोडशी नाही, विषय संपला.

एक विचारतो. कांदा पापुद्र्यांचा होता का, नेहमीच्या कांद्यासारखा? आणि चिरल्यावर चिकट स्राव येत होता का?

---

चिखलवाट | २९ जून, रात्री ११:१४

हो, पापुद्रे होते. बुळबुळीतही होता. एक अजून बाल्कनीत पडलाय.

---

पानफुटी | २९ जून, रात्री ११:४८

मग बहुतेक रानकांदा. काही ठिकाणी कोळकांदा म्हणतात. फोटोशिवाय शंभर टक्के सांगत नाही, पण सगळी लक्षणं जुळतात. हे झाड फसवतं कसं बघा. याची फुलं उन्हाळ्यात येतात, उघड्या माळावर नुसता एक लांब दांडा आणि त्यावर मळकट रंगाची फुलं. पानाचा पत्ता नसतो. जूनमध्ये पाऊस पडला की फुलं संपलेली आणि फक्त पानं वर. म्हणजे आपण भाजी शोधायला निघतो नेमक्या त्या दिवसांत याच्याकडे ओळख पटवणारं फूलच नसतं.

फोडशीचं उलटं. थोडी थांबलात तर तिला पांढरी, सहा पाकळ्यांची फुलं येतात. पण फुलावर आली की भाजी चिवट होते. म्हणजे खाण्याजोगी असते तेव्हा ओळख कठीण, आणि ओळख सोपी होते तेव्हा खाण्यात राम नसतो.

मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. दरवर्षी पहिल्या सहलीला मुलांना दोन्ही उपटून शेजारी ठेवून दाखवतो. पंचवीसपैकी दहा तरी चुकतात.

---

डॉ_पडवी | ३० जून, सकाळी ७:२०

मी आदिवासी पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयात काम केलंय, म्हणून थोडं.

रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. डिजॉक्सिन हे औषध ज्या जातीचं, त्याच जातीतली. आधी मळमळ-उलट्या, आणि जास्त पोटात गेलं तर नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात. इसीजी काढला आणि रात्रभर ठेवलं ते त्यासाठीच. चव कडू असते हे नशीब, त्यामुळे कोणी ताटभर खात नाही. (बढाया मारणारे सोडून.)

सगळ्यांसाठी: अशी वेळ आली तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढू नका, ताक-लिंबू करत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा आणि उरलेली भाजी, झाड, कांदा, जे असेल ते पिशवीत घालून बरोबर न्या. "काहीतरी पाला खाल्ला" यावरून डॉक्टरला काहीही कळत नाही.

दुसरं झाड कळलावी. फूल सगळ्यांना माहीत आहे, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं. कंद मात्र रताळ्या-कोनफळासारखा दिसतो आणि त्यात कोल्चिसिन हे विष असतं. रानकांद्याने उलट्या करून सुटका होऊ शकते, कळलावीने होईलच असं नाही. खूण अशी की पानाचं टोक बारीक होत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या झाडाला पकडतं. कंद खणताना वरची पानं वाळून गेलेली असतात, घोळ तिथे होतो.

---

शंकेखोर | ३० जून, सकाळी ९:०२

पुन्हा तेच. "नैसर्गिक आहे ना, मग चांगलंच." धोतराही नैसर्गिक आहे. व्हॉट्सॲपवर करटुल्यांना 'जगातली सर्वांत ताकदवान भाजी' म्हणून फिरवतात. कोणी मोजली, कशी मोजली, विचारू नका. जिथे शेतकरी मेथी-पालक पिकवतात तिथे माणसाने डोंगरात जाऊन जीव का धोक्यात घालावा हे मला कधीच कळलेलं नाही.

---

सुगरणआत्या | ३० जून, सकाळी ९:४०

@शंकेखोर, तुम्ही शेवळं खाल्ली नाहीत म्हणून असं बोलताय. 😄

सीकेपी घरात जन्मलेय, त्यामुळे आमचं पावसाळी पंचांग पाडव्याचं नाही, शेवळाचं. मेअखेर पहिला वळीव पडून गेला की जमिनीतून तांबूस-जांभळट कोंब वर येतात. पंधरा-वीस दिवसांचा खेळ. ठाण्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी येणारी मावशी जुड्या आणायची आणि सोबत काकडं. (काकडी नव्हे! काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं, लहान आवळ्याएवढी.) काकडं नसतील तर आई जुडीला हात लावायची नाही.

पुरुषमंडळी "बाजारातून आण आणि कर" म्हणतात, म्हणून सोलण्याचं सांगते. हाताला तेल चोपडायचं. वरचं पान काढायचं. आतल्या दांड्यावर खाली जो पिवळा दाणेदार पट्टा असतो तो खरवडून टाकायचा, एक दाणा राहता कामा नये. उरलेला दांडा बारीक चिरायचा आणि तेलावर चांगला परतायचा. काकडं ठेचून, पाण्यात कोळून, ते पाणी गाळून घालायचं. मग कोलंबी किंवा खिमा, नाहीतर वालाचे बिरडे. आंबट कमी पडलं तर घसा असा धरतो की रात्रभर कोणी झोपत नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी दाणे नीट काढले नव्हते. सासरे काहीही न बोलता उठले आणि चूळ भरून परत येऊन जेवायला बसले. पुन्हा चूळ. पुन्हा बसले. संपूर्ण जेवण तसंच. आजही त्या खळखळीचा आवाज आठवतो.

---

पानफुटी | ३० जून, सकाळी १०:१५

@सुगरणआत्या, चूळ भरणाऱ्या सासऱ्यांना सलाम.

ही खाज म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची टोचणी. शेवळं, सुरण, अळू, सगळी एकाच घराण्यातली. म्हणून प्रत्येकाच्या पाककृतीत चिंच, कोकम, ताक नाहीतर काकडं असतातच. स्फटिक बिटिक ठाऊक नसताना आज्यांनी हे शोधून ठेवलंय.

@शंकेखोर यांचं अर्धं पटतं. करटुल्यांच्या ताकदीची पोस्ट मलाही महिन्यातून चारदा येते. पण "का जावं" याचं उत्तर असं की कित्येकांना पर्याय नव्हता आणि नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला घरातलं धान्य संपत आलेलं असतं, शेतात नवीन काही आलेलं नसतं, तेव्हा डोंगर खाऊ घालतो. आपल्यासाठी ती हौस, त्यांच्यासाठी ते दोन महिन्यांचं जेवण.

---

जव्हारची_पोर | ३० जून, दुपारी १:३०

वरचं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहिते. एरवी अशा धाग्यांवर मी गप्प असते.

मी वारली. आता नोकरीला ठाण्यात. तुम्ही जिला फोडशी म्हणता तिला आमच्याकडे कोळीची भाजी म्हणतात. पहिली कोळी देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरात कोणी तोंडात घालत नाही. लहानपणी मला हे जाचक वाटायचं, चार दिवस भाजी समोर दिसते आणि खायची नाही. आता वाटतं त्या चार दिवसांत पानं वाढत होती.

चिखलवाट दादा, तुमची खरी चूक ॲप नाही. तुम्ही उपटली. कोळी कोणी उपटत नाही. मुळाच्या वर बोटांनी पिरगाळून किंवा विळ्याने कापून घेतात, म्हणजे त्याच जागी पुढच्या वर्षी येते. आणि प्रत्येक जागेवरची सगळी घेत नाहीत. आजी माझ्या हातावर चापट मारायची, "तुझ्यानंतर येणारीला काय ठेवलंस?" म्हणून.

आता शनिवार-रविवारी गाड्या येतात. लोक मुळासकट पिशव्या भरतात, फोटो काढतात, निम्मं गाडीतच कोमेजून जातं. आणि परत जाताना आमच्या बायकांशी पंधरा रुपयांच्या जुडीवरून घासाघीस करतात. ती जुडी भरायला पहाटे चारला उठून दोन तास चढावं लागतं, मग जीपचे पैसे देऊन बाजार. राग नाही, पण सांगितलं पाहिजे.

---

चिखलवाट | ३० जून, दुपारी २:०५

ताई, खरंच चुकलं. घासाघीस मीही केलीय. पुढचं मुकाट ऐकतो.

---

वऱ्हाडी_ठेचा | ३० जून, दुपारी ४:४८

नावांचा घोळ आमच्याकडून ऐका. तुमचा टाकळा तो आमचा तरोटा. तुमची करटुली-कंटोळी ती आमची काटवलं. अळूचं पान ते धोपा. बांबूचे कोवळे कोंब ते वास्ते. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा मेसमध्ये "तरोट्याची भाजी कधी करणार" विचारलं, लोक माझ्याकडे मी जनावरांचा चारा मागतोय अशा नजरेने बघत होते.

पूर्व विदर्भात पावसात सात्या आणि टेकोडे येतात, म्हणजे अळंबी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे लोक त्यासाठी मटण बाजूला ठेवतील. पण तिथलाही नियम एकच, ज्याने लहानपणापासून वेचल्यात त्यानेच वेचायच्या.

---

मांडवीकाठ | ३० जून, संध्याकाळी ६:२०

गोव्यातून हजेरी. तुमचा टाकळा इथे तायकिळो. कोवळा पाला, फणसाच्या बिया, खोबरं. बस्स. त्यावर कोणी कांदा-लसूण घातला तर आमची आई पान वाढून घेत नाही.

आणि रोयण अळमी! वारुळावर येतात, देठ जमिनीत खोलवर वारुळापर्यंत गेलेला असतो. ही बुरशी वाळवीच्या सोबतीनेच वाढते, त्यामुळे धिंगरी-बटणासारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. पानात बांधून मोजून विकतात आणि भाव ऐकून पर्यटक हसतात, मग घेतात. अभयारण्यांतून काढायला वनखात्याची बंदी आहे. कळी फुटायच्या आतच सगळी ओरबाडली तर बीजाणू पडणार कधी? त्यामुळे मी बंदीच्या बाजूने आहे, हे गोव्यात मोठ्याने बोलता येत नाही.

---

नेवार्कचा_नाना | ३० जून, रात्री ८:१५ (तिकडची सकाळ)

न्यू जर्सीहून. इथे घोळ ड्राइव्हवेच्या फटीत उगवते, लोक तिच्यावर तणनाशक मारतात आणि मी हळहळतो. चाकवत तर मोकळ्या जागेत कुठेही.

दोन अनुभव. एक, घोळीच्या शेजारी जमिनीला चिकटून तशीच एक वेल पसरते. देठ मोडा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुधीच्या (भोपळा नव्हे, दुधी नावाचं तण) कुळातलं काहीतरी, टाका. घोळ मोडली की नुसतं पाणी येतं. महाराष्ट्रात चिवळ तोडताना आई हेच करायची. इतकी वर्षं मला वाटायचं ती भाजी ताजी आहे का बघतेय.

दोन, पहिल्या वर्षी परसात लाल देठाचा झकास माठ आला म्हणून मी खुश. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून ओरडून थांबवलं. ते पोकवीड होतं, विषारी. इथे दक्षिणेकडच्या राज्यांत लोक कोवळी पानं दोनतीनदा उकळून, पाणी टाकून खातात म्हणे, पण मी त्या वाटेला गेलो नाही.

---

शंकेखोर | १ जुलै, सकाळी ८:५०

म्हणजे सासूबाई, आजी, शेजारची म्हातारी. तिन्ही ठिकाणी बाई होती म्हणून वाचलात. ॲपने एकालाही वाचवलं नाही याची नोंद घ्यावी.

---

पानफुटी | १ जुलै, सकाळी ९:३०

+१. ॲपवर राग नाही माझा, मीही वापरतो, पण कुळापर्यंत पोचायला. त्याला दिसतो एक फोटो. हाताला लागणारा बुळबुळीतपणा, मोडल्यावर येणारा चीक, चुरगळल्यावर येणारा वास, खाली कांदा आहे की मुळं, हे त्याला दिसत नाही. आणि नेमकी ओळख तिथेच असते.

नावावरही जाऊ नका. उदाहरण टाकळ्याचंच घ्या. त्याच्या शेजारी, त्याच उकिरड्यावर कासविंदा वाढतो. काही गावांत त्यालाही 'रानटाकळा' म्हणतात. टाकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या पर्णिका (पानातली छोटी पानं), टोकं गोलसर. कासविंद्याला जास्त जोड्या आणि टोकं अणकुचीदार, चुरगळलं की उग्र दर्प. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर-सहारनपूरकडे लहान मुलं अचानक तापाविना बेशुद्ध पडून दगावत होती. बरीच वर्षं त्याला विषाणूचा मेंदूज्वर समजत होते. शेवटी धागा सापडला तो कासविंद्याच्या शेंगांपाशी, मुलं खेळता खेळता त्यातल्या बिया खात होती. झाड तुमच्या सोसायटीच्या मागेही असेल.

अवांतर: फोडशीच्याच कुळातली सफेद मुसळी. तिच्या शास्त्रीय नावात चक्क आपलं बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम. आता बोरिवलीत ती बघायची तर राष्ट्रीय उद्यानात, आणि तिथून पानही तोडायला कायद्याने मनाई. तरी दरवर्षी कोणीतरी पिशवी घेऊन जातंच. जाऊ नका.

---

कोथरूडकर_काका | १ जुलै, दुपारी १२:१०

अळंबी खाण्याजोगी आहे का बघायला भांड्यात चांदीचा रुपया टाकायचा. काळा पडला तर विषारी. आमच्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं.

---

डॉ_पडवी | १ जुलै, दुपारी १२:२२

काका, हात जोडून सांगतो, हे लिहू नका. चांदीला विष कळत नाही. तुमच्या वडिलांना चांगल्या अळंब्या ओळखता येत होत्या म्हणून ते जगले, रुपयाने नव्हे. तसंच "किडा लागलाय म्हणजे चालेल", "शिजवलं की विष जातं", "वास चांगला आहे", सगळं खोटं. सर्वांत घातक अळंब्यांचं विष शिजवून जात नाही. आणि ती लगेच त्रासही देत नाहीत. सहा, आठ, बारा तासांनी जुलाब-उलट्या सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस घरी जातो, आणि तोवर यकृत गेलेलं असतं.

---

कोथरूडकर_काका | १ जुलै, दुपारी १:०३

प्रतिसाद मागे घेतो. रुपया देवघरात ठेवला आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | १ जुलै, दुपारी ३:३७

कायद्याचं निघालं म्हणून. राष्ट्रीय उद्यान सोडलं तरी बाकीचं रान काही 'कोणाचंच नाही' असं नसतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर (इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या वस्तूंवर) तिथे राहणाऱ्या वनवासी समाजाचा हक्क मान्य केलाय, कंदमुळं-बांबू सगळं त्यात येतं. आमच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, जंगलातून काय आणि किती काढायचं ते ग्रामसभा ठरवते. म्हणजे आपण शहरातून जाऊन पिशवी भरतो ते दुसऱ्याच्या शेतातून ओंब्या तोडण्यासारखंच. विचारून घ्या. मोसंबीच्या बागेत आपण विचारतो की नाही?

---

जव्हारची_पोर | १ जुलै, रात्री ९:५५

ऐकतोय म्हणालात म्हणून आणखी एक. कडूकंद.

वेलीला हृदयाच्या आकाराची पानं आणि बगलेत बटाट्यासारखे गोळे. खालचा कंद कच्चा नाहीच, नुसता उकडूनही खायचा नाही. आजी त्याच्या पातळ चकत्या करायची, इतक्या पातळ की त्यातून चूल दिसावी. राख लावून उकडायची. मग बांबूच्या टोपलीत घालून ती टोपली रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात दगडांनी दाबून ठेवायची. साचलेल्या पाण्यात चालत नाही. पहाटे मला पाठवायची, "एक चावून बघ, कडू लागलं तर परत ठेव." मी झोपेत असायचे आणि गोड लागतंय म्हणून सांगायचे. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि टोपली परत पाण्यात ठेवायची.

ही कृती मला येते का? नाही. मी पाहिलंय, केलेलं नाही. आजी गेली. आई करते, पण आता चूल नाही, राख नाही, ओहोळ जानेवारीतच आटतो. म्हणून कोणी मला "आदिवासी रेसिपी दे" म्हटलं की मी देत नाही. चकती किती पातळ, राख कोणत्या लाकडाची, हे लिहून जमत नाही.

---

सुगरणआत्या | १ जुलै, रात्री १०:२०

पोरी, आईबरोबर एकदा बसून करून घे गं. ओहोळ नसेल तर नळाखाली बघ जमतंय का. मी आईला काकडांचं प्रमाण विचारायचं राहून गेलं, अजून अंदाजाने घालते.

---

पानफुटी | २ जुलै, सकाळी ८:४०

नळाखाली करताय तर आईच्या देखरेखीखालीच, आणि कडू लागलं तर परत पाण्यात. त्या चवीवरच सगळं आहे.

जतनाचं म्हणाल तर अकोले तालुक्यातल्या (विदर्भातलं अकोला नव्हे) कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम बघा, पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो शेअर केले. गावठी बियाणं घराघरात ठेवण्याचं काम आहे ते. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे भाजी आणणाऱ्या बायकाच समोर असतात. दोन भाज्यांतला फरक विचारा, जेवढ्यास तेवढं न सांगता अर्धा तास सांगतात. आणि करटुली आवडत असतील तर कंद लावा. फक्त नर-मादी वेगळे असतात, नुसते नर लावलेत तर फुलं बघत बसाल.

---

शंकेखोर | २ जुलै, सकाळी ९:१५

करटुल्यातही नर-मादी. बरं. कंद कुठे मिळतात?

---

सुगरणआत्या | २ जुलै, सकाळी ९:१८

😄😄😄

---

चिखलवाट | १३ जुलै, रात्री ९:०५

अपडेट. पलीकडच्या ठाकरवाडीतल्या एका मावशींना सासूबाईंनीच गाठलं, त्या दोघींची स्टेशनवरची ओळख. दिवसाची मजुरी आणि वर भाजीचे पैसे ठरवून काल आम्ही तिघे त्यांच्यामागे गेलो. मी पिशवी धरायला.

पहिला तासभर मावशींनी एक पानही तोडू दिलं नाही. नुसतं दाखवत होत्या. हे काय, ते काय, आता डोळे मिटून हात लाव. रानकांदा लागला तेव्हा मी लांबूनच ओळखला, छाती फुगली. त्या म्हणाल्या, "याला तर बकरी पण सोडते." भारंगी दाखवली, कुड्याची फुलं आता संपत आलीत म्हणाल्या. फोडशी तीन ठिकाणी मिळाली, प्रत्येक जागेवरची थोडी थोडी घेतली, विळ्याने. फूल धरलेली झाडं सोडली.

जुडी वर्तमानपत्रावर पसरून फोटो टाकतोय. मधला कडक दांडा काढायचा आणि बुडाचा चिवट भाग कापायचा, एवढं बरोबर ना? सासूबाई चणाडाळ भिजत घालून बसल्यात, पण म्हणतात आधी तुमच्या त्या मंडळींना विचार.

---

जव्हारची_पोर | १३ जुलै, रात्री ९:२२

दांडा आणि बुडाचं बरोबर. फोटो मोठा करून बघितला. डावीकडून तिसरं पान फोडशीचं नाही. त्यावर उभ्या घड्या आहेत, पंख्यासारख्या. काळी मुसळी असेल. विषारी नाही, पण काढा.

---

चिखलवाट | १३ जुलै, रात्री ९:२६

काढलं. सासूबाई म्हणतात, त्यांनी ते मघाशीच बाजूला काढलं होतं, मी फोटोसाठी परत ठेवलं.